सर्व्हर पडला तर काय करायचं? प्राध्यापकांचे नेहमीचे प्रश्न

दर वर्षी जूनमध्ये, वर्ग नीट सुरू होण्याच्या आत, आमच्या महाविद्यालयातल्या प्राध्यापकांसाठी मी दोन तासांची एक बैठक घेतो. विषय एकच असतो. मूडलवर आणि गूगल क्लासरूमवर आपण टिपणं, चाचण्या, गुण सगळं ठेवतो, ते ऐन वेळी उघडलंच नाही तर काय करायचं? त्या बैठकीत आणि नंतर स्टाफरूममध्ये पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सगळं वाचायला वेळ नसेल तर चाचणीबद्दलचा आणि निरोपाबद्दलचा प्रश्न तेवढा वाचा.

साईट बंद पडली तर ती आयटीवाल्यांनी बघायची. त्यात आम्ही काय तयारी करणार?

साईट परत चालू करणं त्यांचंच काम आहे आणि ते करतातही. पण अकराला सुरू झालेल्या वीस गुणांच्या चाचणीचं पुढे काय, हे आयटीवाला सांगू शकत नाही. ते विषयशिक्षकाला सांगावं लागतं, आणि पहिल्या दहा मिनिटांत सांगावं लागतं. तेवढ्या वेळात साठ मुलं साठ वेगळ्या गोष्टी करून बसतात. कोणी पान रिफ्रेश करत राहतो, कोणी फोन बंद करून पुन्हा चालू करतो, कोणी घाबरून तुम्हाला फोन लावतो आणि तो एंगेज लागतो.

पुष्कळदा आयटीवाल्यांच्याही हातात काही नसतं. १४ डिसेंबर २०२० ला आपल्याकडच्या वेळेनुसार संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला जीमेल, मीट, क्लासरूम सगळं जगभर एकदम बंद झालं, ते जवळपास पाऊण तास. खात्याची ओळख पटवणारी गूगलची मध्यवर्ती यंत्रणाच अडली होती. कोणत्या यंत्रणेला किती क्षमता द्यायची हे ठरवणाऱ्या स्वयंचलित व्यवस्थेने तिच्या वाट्याची क्षमता चुकून कमी केली होती. अशा वेळी आपल्या कॉलेजचा सर्व्हर रूमवाला माणूस काय करणार? तोही आपल्यासारखाच वाट बघणार. तेवढा वेळ वर्ग सांभाळायचा असतो तो आपल्यालाच.

हे घडतं तरी किती वेळा?

कंपन्या ९९.९ टक्के वेळ सेवा चालू राहील असा शब्द देतात. ऐकायला भक्कम वाटतं, पण हिशेब केला तर वर्षाला पावणेनऊ तास बंद राहूनही तो शब्द पाळला जातो. ९९.५ टक्के म्हणाल तर वर्षाला जवळजवळ ४४ तास. हे तास रात्री तीनला आले तर कोणाला कळतही नाहीत. अंतर्गत परीक्षेच्या आठवड्यात आले तर सगळ्यांना कळतात.

मोठी उदाहरणं सांगायची तर २४ ऑगस्ट २०२० ला, अमेरिकेत बऱ्याच शाळा-कॉलेजांचं ऑनलाईन सत्र सुरू होत असतानाच, झूम काही तास अडलं. १४ डिसेंबरचं वर आलंच. ४ ऑक्टोबर २०२१ ला व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास गेले. २० ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅमेझॉनच्या व्हर्जिनियातल्या डेटा सेंटरांमधल्या बिघाडाने कॅन्व्हास ही मूडलसारखीच साईट बंद पडली आणि अमेरिकेतल्या विद्यापीठांचा अख्खा दिवस विस्कळीत झाला. आपल्याकडे तेव्हा दिवाळीची सुट्टी होती, म्हणून ते फारसं जाणवलं नाही. आणि १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज सकाळी दहाच्या सुमाराला गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि मुंबई विद्यापीठाला त्या दिवसाच्या ऑनलाईन परीक्षा पुढे ढकलाव्या लागल्या. तारखा तपासल्या तर हे पाचही दिवस सोमवार निघतात. त्यावरून काही सिद्ध होत नाही. तरी सोमवारी सकाळी पहिल्या तासाला चाचणी लावू नका असं मी सुचवतो, कारण शनिवार-रविवारात काही बिघडलं असेल तर ते आधी कळायला निदान एक तास तरी हातात हवा.

बंद पडलंय की माझंच नेट गेलंय, हे कसं ओळखायचं?

तीन मिनिटांत ओळखता येतं. फोनचं वायफाय बंद करून मोबाईल डेटावर तेच पान उघडा. मग एखादी वेगळीच साईट, वर्तमानपत्राची वगैरे, उघडून बघा. मग दुसऱ्या विभागातल्या एका सहकाऱ्याला फोन करून विचारा. डेटावरही पान उघडलं नाही, दुसरी साईट मात्र उघडली आणि सहकाऱ्याकडेही बंदच असेल, तर साईटच पडली आहे; तुमच्या बाजूने शोध संपला. गूगलच्या सेवांसाठी त्यांचं स्थिती दाखवणारं पान आहे, ते बुकमार्क करून ठेवा. पण पहिल्या काही मिनिटांत तिथे सगळं हिरवंच दिसू शकतं, त्यावर फार विसंबू नका.

पासवर्ड मात्र पुन्हा पुन्हा टाकत बसू नका. पाच-सहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं लॉक होऊ शकतं, आणि मग साईट आली तरी तुम्ही बाहेरच.

१४ डिसेंबरची एक गोष्ट मला फार उपयोगाची वाटली. त्या पाऊण तासात यूट्यूब उघडत नव्हतं, पण लॉगिन न करता, इन्कॉग्निटो खिडकीत उघडलं की चालत होतं. व्हिडिओ जागेवरच होते, बिघडलं होतं फक्त दाराचं कुलूप. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो की महत्त्वाच्या टिपणांची एक प्रत लॉगिनशिवाय उघडेल अशा ठिकाणी ठेवाच. कॉलेजच्या साध्या वेबसाईटवर पीडीएफ टाकली तरी चालेल, झेरॉक्सवाल्याकडे एक प्रत ठेवली तरी चालेल.

सत्र सुरू होण्याआधी नेमकं काय करून ठेवायचं?

माझ्या टेबलाच्या खणात एक निळी फाईल असते. तिच्यात पहिल्या पानावर वर्गाची छापील यादी आहे: हजेरी क्रमांक, नाव, मुलाचा फोन आणि घरातला एक फोन. यादी छापलेलीच हवी. एकदा आम्ही सराव केला तेव्हा अकरा जणांपैकी सात प्राध्यापकांची यादी ज्या साईटवर होती, तीच साईट बंद धरली होती.

दुसऱ्या पानावर सत्राचा आराखडा: कोणत्या आठवड्यात कोणता घटक, पुस्तकातली पानं कोणती. साईट गेली तरी 'घटक तीन, पान ८४ ते ९७ वाचून या' एवढं सांगता आलं की तास वाया जात नाही. तिसऱ्या पानावर प्रत्येक चाचणीचा कागदी पर्याय, म्हणजे तोच पेपर छापता येईल अशा स्वरूपात, शिवाय त्याच काठिण्याचा दुसरा एक पेपर. आणि शेवटच्या पानावर कोणाला फोन करायचा ते: परीक्षा विभाग, आयटी, विभागप्रमुख आणि दोन सीआर, म्हणजे वर्गप्रतिनिधी.

यापलीकडे एक सवय लागते. दर शुक्रवारी तास संपल्यावर गुणांची नोंद एक्सेलमध्ये उतरवून घ्यायची. मूडलच्या गुणपत्रकातून ती थेट निघते, दोन मिनिटांचं काम आहे. क्लासरूममध्ये गुण गूगल शीटमध्ये काढता येतात, पण ती शीटही गूगलवरच असते. म्हणून ती डाऊनलोड करून आपल्या लॅपटॉपवर आली, तरच ती खरी दुसरी प्रत.

मूडलचा बॅकअप आयटीवाले घेतातच ना?

घेतात, पण तो अख्ख्या सर्व्हरचा असतो. तुमच्याकडून चुकून खोडलेली एक चाचणी परत आणायला सगळा सर्व्हर कालच्या रात्रीपर्यंत कोणी मागे नेणार नाही.

प्राध्यापकाला आपल्या अभ्यासक्रमाचा बॅकअप स्वतः घेता येतो. त्याची एमबीझेड नावाची एक फाईल तयार होते. इथे बहुतेकजण एका बाबतीत फसतात. मूडलच्या मूळ मांडणीत साध्या शिक्षकाला त्या फाईलमध्ये विद्यार्थ्यांची माहिती घालण्याची परवानगी नसते, ती व्यवस्थापकाला असते. म्हणजे टिपणं, प्रश्न, रचना सगळं येतं, पण मुलांचे गुण आणि त्यांनी जमा केलेलं काम येत नाही. गुण वेगळे उतरवा, आणि असाइनमेंटमध्ये सगळी सबमिशन एकदम डाऊनलोड करायचा पर्याय आहे तो वापरा. आणखी एक गोष्ट. ही फाईल वर्डमध्ये उघडत नाही, ती उघडायला दुसरं मूडलच लागतं. म्हणून प्रश्नपत्रिकेची साधी प्रत हवीच.

चाचणी चालू असतानाच साईट पडली तर?

सगळ्यात जास्त भीती याचीच असते, आणि ती रास्त आहे.

मी स्वतः यातून गेलो आहे. दुसऱ्या वर्षाच्या वर्गाची वीस प्रश्नांची चाचणी होती, सगळे प्रश्न एकाच पानावर. अकराला सुरू झाली आणि अकरा वाजून सात मिनिटांनी साईट अडली. एक मुलगी एसटी स्टँडवरच्या बाकावर बसून फोनवर चाचणी देत होती. पान तिच्यासमोर उघडंच होतं म्हणून ती उत्तरं निवडत राहिली. वर संपर्क तुटल्याची एक ओळ आली होती, पण तिने ती बघितली नाही. वेळ संपली, थोड्या वेळाने साईट परत आली आणि तोवर जेवढं जतन झालं होतं तेवढंच जमा झालं: नऊ उत्तरं. ती मला भेटायला आली तेव्हा तिने दिलेली सतराच्या सतरा उत्तरं वहीत लिहिलेली होती, कारण तिला सवयच होती तशी. मी तिला काय सांगणार होतो? अशा वेळी काय करायचं ते मी आधी ठरवलेलंच नव्हतं. फेरचाचणी घ्यायला अकरा दिवस लागले. ते अकरा दिवस तिने कसे काढले, हे तिने नंतर मैत्रिणींना सांगितलं आणि ते माझ्या कानावर आलं.

म्हणून आता क्रम असा आहे. आधी घड्याळ बघून वेळ कागदावर लिहा, अगदी मिनिटासह. मग मुलांना निरोप द्या: टॅब बंद करू नका, रिफ्रेश करू नका, गेल्या चार-पाच मिनिटांत दिलेली उत्तरं प्रश्नक्रमांकासह वहीत उतरवा. मूडल साधारण दर मिनिटाला उत्तरं आपोआप जतन करतं, त्यामुळे तुटण्याआधीचं बहुतेक शाबूत असतं. धोका असतो तो तुटल्यानंतर दिलेल्या उत्तरांना.

मूडलचं घड्याळ साईट बंद असतानाही पुढे सरकतं, हे नीट लक्षात घ्या. मूळ सेटिंगप्रमाणे वेळ संपली की उघडे प्रयत्न आपोआप जमा होतात. त्यामुळे साईट परत येताच पहिलं काम म्हणजे चाचणीच्या 'ओव्हरराईड' मध्ये जाऊन सगळ्या गटाला वेळ वाढवून देणं. ज्यांचं आधीच जमा झालं असेल त्यांना जादा प्रयत्न द्या, आणि 'प्रत्येक प्रयत्न आधीच्यावर पुढे सुरू' हा पर्याय चालू ठेवा, म्हणजे त्यांची जुनी उत्तरं तिथेच दिसतात. हे दोन पर्याय कुठे आहेत ते आजच, शांतपणे, एका खोट्या चाचणीवर शोधून बघा. त्या दिवशी शोधत बसलात तर हात थरथरतो.

थांबायचं किती? आमच्या विभागात ठरलंय: दहा मिनिटांच्या आत आली तर तेवढा वेळ वाढवून चाचणी पुढे चालू, वीस मिनिटं झाली तरी आली नाही तर चाचणी रद्द, दुसऱ्या पेपरवर नवी तारीख. मधल्या दहा मिनिटांत निर्णय विषयशिक्षकाचा. तुमचे आकडे वेगळे असू शकतात, फक्त ते आधी लिहिलेले असू द्या आणि मुलांना माहीत असू द्या. ज्यांनी साईट पडण्याआधीच पूर्ण करून जमा केलं होतं, त्यांचे गुण राखावेत आणि हवं असेल तर त्यांनाही फेरचाचणीला बसू द्यावं, असं माझं मत आहे. यात कोणाचं नुकसान होत नाही. कोणाला जादा संधी मिळाली म्हणून तक्रार आली तर ती ऐकून घ्यायची माझी तयारी आहे.

म्हणजे प्रत्येक वेळी दोन पेपर काढायचे? एवढा वेळ कुठून आणायचा?

काम वाढतं हे खरं आहे. प्रश्नपेढी एकदा बांधली की दुसरा पेपर अर्ध्या तासात होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत घटकाला पंचवीस-तीस प्रश्न लिहून ठेवा. एकाच विषयाचे दोन प्राध्यापक असतील तर वाटून घ्या.

मुलांना कळवायला व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे की. आणखी काय हवं?

४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री तोच ग्रुप बंद होता. त्या कंपनीच्या अभियंत्यांची आतली साधनंही त्याच जाळ्यावर अवलंबून होती, त्यामुळे त्यांनाच दुरुस्तीला उशीर झाला. ज्या वाटेवर गाडी अडली, त्याच वाटेने मदत येणार असेल तर ती पोचणार कशी? जून २०२३ मध्ये कोल्हापुरात तणावामुळे मोबाईल इंटरनेट बंद ठेवलं गेलं, तेव्हा तर कोणतंच अ‍ॅप कामाचं नव्हतं. फोन लागत होते.

म्हणून एक साखळी ठेवा. तुम्ही दोन सीआरना फोन करायचा, त्यांनी प्रत्येकी पाच जणांना, त्या पाच जणांनी उरलेल्यांना. साठ मुलांच्या वर्गाला पंधरा-वीस मिनिटांत कळतं. बरोबरीने साधा एसएमएस आणि विभागाच्या फलकावर कागद. हॉस्टेलच्या मुलांना फलकावरचं सगळ्यात लवकर कळतं, हा माझा अनुभव.

निरोप आधी लिहून ठेवा. आमचा असा आहे:

'११:०७ पासून साईट बंद आहे. चाचणी थांबवली आहे. दिलेली उत्तरं वहीत लिहून ठेवा. यामुळे कोणाचाही एकही गुण कापला जाणार नाही. पुढचा निरोप ११:४० ला येईल, तोवर साईट सुरू झाली नसली तरी.'

यातलं शेवटचं वाक्य कधीही गाळू नका. 'थोड्या वेळात कळवतो' असं लिहिलं की मुलं फोन हातात धरून दोन तास बसतात. वेळ सांगितली की ती जेवायला जातात, एसटी पकडतात. आणि सांगितलेल्या वेळेला निरोप द्याच, सांगण्यासारखं नवीन काही नसलं तरी.

साईट आल्यावर मुदत किती वाढवायची?

किमान पुढच्या कामाच्या दिवसापर्यंत. साईट दोन तास बंद होती म्हणून मुदत दोनच तास वाढवायची, हा हिशेब कागदावर बरोबर दिसतो, पण मुलांच्या दिवसात बसत नाही. एखाद्याची संध्याकाळी सहाची शिफ्ट असते. एखादीचा फोन घरात एकच असतो आणि तो वडील कामावर नेतात. गावाकडे जाणारी शेवटची गाडी साडेसहाला सुटते आणि पुढे दीड तास रेंज नसते.

यावरून आणखी एक विनंती. रात्री ११:५९ ची मुदत ठेवू नका. त्या वेळी साईट अडली तर तुम्ही झोपलेले असता, आयटीची खोली कुलूपबंद असते आणि मूल एकटं जागं असतं. कामाच्या दिवशी दुपारी चारची मुदत ठेवा. मदत करणारं कोणी तरी जागेवर असतं.

'साईट चालत नव्हती' असं मुलं खोटंही सांगतात. मग?

काही सांगतात. मूडलच्या नोंदींमध्ये कोण कधी आत आलं, कोणतं पान उघडलं ते दिसतं, ते बघा. वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट मागा, पण तो नसला म्हणून खोटं धरू नका; ज्याच्या फोनमध्ये जागाच उरलेली नाही त्याला तोही काढता येत नाही. शंका उरली तर मुलाच्या बाजूने निर्णय द्या. एखाद्याला चुकून एक दिवस जास्त मिळाला तर फारसं बिघडत नाही. एखाद्याचे खऱ्या कारणाने गेलेले पाच गुण मात्र त्याच्या एटीकेटीपर्यंत जाऊ शकतात.

लाईट गेली तर तीही धरायची का? साईट तर चालू असते.

धरायची. मुलाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच आहे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन-मुरूडकडच्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. फोन चार्ज करायला माणसं जनरेटर असलेल्या ठिकाणी रांगा लावत. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांचे सर्व्हर त्या काळात व्यवस्थित चालू होते! जुलै-ऑगस्टमध्ये कोकण, कोल्हापूर, सांगलीकडची मुलं वर्गात असतील तर पावसाळ्यातल्या चाचण्या चार-पाच दिवसांत केव्हाही देता येतील अशा आधीच ठेवा, म्हणजे एकेकाला अर्ज लिहून आणावा लागत नाही.

मूडलचं अ‍ॅप ऑफलाईन चालतं म्हणे. त्याने प्रश्न सुटेल का?

अर्धा सुटेल. अ‍ॅपमध्ये टिपणं आधी डाऊनलोड करून ठेवली तर नेट नसतानाही वाचता येतात; मुलांना हे पहिल्याच आठवड्यात, वर्गात, त्यांच्या फोनवर करून दाखवा. चाचणीही ऑफलाईन देता येते, पण त्यासाठी शिक्षकाने तशी परवानगी सेटिंगमध्ये द्यावी लागते, आणि वेळेची मर्यादा असलेली चाचणी ऑफलाईन चालत नाही. सरावाच्या चाचण्या अशा ठेवायला हरकत नाही. गुणांच्या चाचणीसाठी याच्या भरवशावर राहू नका.

ऑनलाईन लेक्चर लागेना तर?

दुसऱ्या सेवेची एक लिंक सत्राच्या सुरुवातीलाच देऊन ठेवा. दहा मिनिटांत तीही लागली नाही तर तास सोडून द्या आणि फोनवर दहा मिनिटांचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. तो दोन-तीन एमबीत मावतो, एका रेघेच्या नेटवरही उतरतो. तासभराचा व्हिडिओ पाठवू नका, पुष्कळ मुलांचा दिवसाचा डेटा त्यातच संपतो.

'देखभालीसाठी सेवा बंद राहील' अशी मेल आली. वेळ रात्री दोनची आहे, मग काळजी कशाला?

कुठली रात्र, ते आधी बघा. न्यूयॉर्कचे रात्रीचे दोन म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे सकाळचे साडेअकरा, आणि त्यांच्याकडे थंडीत घड्याळं मागे घेतली की दुपारचे साडेबारा. परदेशी सेवेची मध्यरात्र पुष्कळदा आपल्या तासांवरच येते. मेलमध्ये यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, लिहिलं असेल तर त्यात साडेपाच तास मिळवा आणि ती वेळ विभागाच्या फलकावर मराठीत लिहा. ही मेल साधारण एकाच माणसाला येते आणि त्याच्याकडेच राहते, म्हणून आमच्याकडे ती वाचून फलकावर चढवायची जबाबदारी एका नावावर टाकलेली आहे.

मी तासिका तत्त्वावर आहे. मला हे सगळं लागू आहे का?

तुम्हाला जास्तच लागू आहे. तुमची नेमणूक सत्र संपलं की संपते आणि लॉगिनही बंद होतं, पण मुलांचे गुण त्याच खात्यात असतात. एप्रिलमध्ये निकालाची दुरुस्ती निघते आणि तुमचा फोन लागत नाही, असं दर वर्षी कुठे ना कुठे घडतं. प्रत्येक अभ्यासक्रमाला दोन शिक्षकांचं लॉगिन जोडलेलं असलं पाहिजे, असा आग्रह विभागप्रमुखांकडे धरा. कायमस्वरूपी प्राध्यापकांनाही हेच लागू. एकाच माणसाच्या पासवर्डवर साठ मुलांचं सत्र उभं असेल आणि तो माणूस आजारी पडला, तर सर्व्हर चालू असूनही सगळं बंदच.

गुण आणि मुलांचे फोन नंबर स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवणं बरोबर आहे का?

जपून ठेवले तर बरोबर. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानंतर तर हे हलक्यात घेताच येत नाही. फाईलला पासवर्ड लावा, स्टाफरूममध्ये पेनड्राईव्ह टाकून जाऊ नका, सगळ्यांचे गुण ग्रुपवर टाकू नका. निकाल लागून फेरतपासणीची मुदत संपली की प्रत खोडा. छापील यादीसुद्धा फाडून टाका, रद्दीत देऊ नका. मुलींचे नंबर त्या यादीत असतात.

एवढं सगळं लिहून ठेवल्यावर सरावाची काय गरज?

गेल्या जुलैमध्ये आम्ही एका बुधवारी अकरा ते बारा साईट वापरायचीच नाही असं ठरवलं. मुलांना कल्पना दिली होती, चाचणी खोटी होती. पहिल्या दहा मिनिटांत कळलं की विभागाचा प्रिंटर वायफायवरच चालतो, वायर कोणीतरी काढून नेली आहे. एका सीआरचा नंबर बदलला होता. कागदी पेपर छापायला झेरॉक्सच्या दुकानात गेलो तर ते साडेअकराला उघडतं. या तिन्ही गोष्टी कोणत्याच फाईलमध्ये लिहिलेल्या नव्हत्या. आता वायर निळ्या फाईलबरोबर खणात आहे आणि प्रत्येक पेपरच्या दहा प्रती आधीच काढलेल्या आहेत.

साईट परत आली. लगेच काय करू?

चाचणी अडकली असेल तर आधी तिची वेळ वाढवा. त्यापलीकडे दहा मिनिटं काहीच नाही. सगळे एकदम आत शिरतात तेव्हा ती पुन्हा बसते. मग मुदती बदला, मुलांना निरोप द्या. त्याच संध्याकाळी अर्धं पान लिहा: कधी पडली, कधी आली, काय ठरवलं, कोणाचं काय राहिलं. महिन्याने परीक्षा विभागातून विचारणा आली की त्याच अर्ध्या पानाच्या आधारे मुलाची बाजू मांडता येते.

सत्राच्या पहिल्या तासाला मुलांना काय सांगू?

आम्ही अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर हे छापतो आणि वर्गात मोठ्याने वाचून दाखवतो. हवं तसं बदलून घ्या:

'या सत्रात साईट कधी ना कधी बंद पडेल असं धरून चालू या. तसं झालं तर तुमचे गुण जाणार नाहीत. चाचणीत अडली तर टॅब बंद न करता उत्तरं वहीत लिहा आणि वीस मिनिटं वाट बघा. निरोप सीआरकडून फोनवर येईल. मुदतीच्या दिवशी अडली तर पुढच्या कामाच्या दिवशी दुपारी चारपर्यंत काम दिलेलं चालेल; हाताने लिहून आणलेलंही चालेल. घरी लाईट किंवा रेंज नसेल तर दुसऱ्या दिवशी तोंडी येऊन सांगा, अर्ज लागणार नाही. तुमचा फोन नंबर बदलला तर आधी सीआरला कळवा.'